रजिस्टर देणार नाही

कापूस वेचणीच्या दिवसांत मी बेला इथल्या घरून काम करत होतो. टेबलावर एआरएम बोर्ड, त्याला कॅमेऱ्याचं कार्ड. जिनिंगमध्ये सरकत्या कापसातला प्लास्टिकचा, सुतळीचा तुकडा ओळखायचं हे यंत्र. त्याचा लिनक्स ड्रायव्हर माझ्याकडे होता. नमुन्याला कापूस घरातच. बाबा म्हणायचे, "घे लागंल तेवढा, पण परत ठेव."

चित्र ओळखणारा प्रोग्राम नागपूरचा मित्र लिहीत होता. त्याची मागणी सरळ होती. "दादा, कार्डाची सगळी मेमरी माझ्या प्रोसेसमध्ये मॅप करून दे. रजिस्टरंही. दर वेळी कर्नलचं दार वाजवायला नको."

फ्रेमचे बफर द्यायला मी तयार होतो; एवढाल्या फ्रेम कॉपी करत बसणं मलाही पटत नव्हतं. रजिस्टर मात्र नाही. परवानगी अख्ख्या पानाला मिळते आणि आमच्या बोर्डावर पान ४०९६ बाइटांचं. डीएमएचा, म्हणजे कार्ड स्वतः थेट ज्या मेमरीत लिहितं तिचा, पत्ता लिहायचं रजिस्टर त्याच पानात. तिथे चुकीचा आकडा गेला, की कार्ड कुणाच्याही मेमरीवर चित्र ओतणार. अडवायला बोर्डावर आयओएमएमयू नव्हतं. नुसतं वाचायला द्यावं, तर इंटरप्टचं रजिस्टर वाचताच साफ व्हायचं. शिवाय पत्ते प्रोग्राममध्ये कोरले की चिप बदलताच सगळं कोसळतं. २०१५ साली दुसऱ्या रास्पबेरी पायवर रजिस्टरांचे पत्ते बदलले, तेव्हा अनेकांना ते कळलं.

खरी डोकेफोड कॅश मेमरीची. एक्स८६ वर डीएमए आणि कॅश यांचा मेळ हार्डवेअरच घालतं. इथे कार्ड नवी फ्रेम रॅममध्ये टाकायचं आणि प्रोसेसर कॅशमधली जुनी वाचायचा. स्वच्छ कापसावर मागच्या फ्रेममधल्या सुतळीचे आडवे पट्टे! कॅशविना मॅप केलं तर चित्र निर्मळ, पण वाचन रखडायचं. राइट-कम्बाइनिंगनं मॅप करावं, तर त्याचा फायदा लिहिताना. कॅमेऱ्याचा बफर तर वाचायचा असतो. शेवटी कॅश ठेवली आणि फ्रेम हवाली करताना त्या भागातल्या जुन्या नोंदी ड्रायव्हरनं रद्द करायच्या, असं केलं. लिनक्समधल्या व्हीफोरएलटू या व्हिडिओ-इंटरफेसची बफरांची रांग याच वळणाची आहे.

"म्हणजे दार आलंच की," मित्र कुरकुरला.

"फ्रेममागे एकदा. पिक्सेलमागे नाही."

फ्रेमचा क्रमांक त्याला तरीही न विचारता हवा होता. त्यासाठी साध्या रॅमचं एक वेगळं पान दिलं, फक्त वाचायला. क्रमांक ड्रायव्हर लिहितो. साउंड कार्डांसाठी लिनक्समधलं आल्साही स्थितीचं असं पान देतं. त्यावर त्याची तक्रार आली नाही.