बेरीचा शनिवार

मँचेस्टरला प्रोजेक्टवर जायचं ठरलं तेव्हा फोंड्यातल्या मित्रांना वाटलं, आता हा दर आठवड्याला ओल्ड ट्रॅफर्डवरून फोटो पाठवणार. प्रत्यक्षात तिथल्या तिकिटांचे भाव पाहिले आणि लॅपटॉप मिटून ठेवला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "खरा फुटबॉल बघायचाय? मग शनिवारी पिवळी ट्राम पकड आणि शेवटच्या स्टॉपला उतर."

शेवटचा स्टॉप म्हणजे बेरी. स्पेलिंग वाचून आपण 'बरी' म्हणतो, पण उच्चार बेरी. मँचेस्टरच्या उत्तरेला अर्ध्या तासावरचं हे जुनं गिरणगाव. शाळेत शिकलेला धावता धोटा आठवतो? तो शोधणारा जॉन के इथलाच, आणि गावात त्याचं स्मारक आहे. लंडनचं पोलीस दल उभं करणारे रॉबर्ट पील यांचा जन्मही इथलाच. त्यांचा पुतळा भर चौकात उभा आहे. गिरण्या केव्हाच थंडावल्या. आता गावाची ओळख सांगायची तर भरगच्च बाजार, वाफेच्या इंजिनाची जुनी रेल्वे आणि बेरी फुटबॉल क्लब.

हा क्लब 1885 चा. त्याने एफए कप दोनदा जिंकला, 1900 आणि 1903 साली. 1903 च्या अंतिम सामन्यात डर्बी काउंटीचा 6-0 असा धुव्वा उडवला. एफए कप फायनलमधल्या त्या फरकाची बरोबरी व्हायला 2019 साल उजाडलं, आणि ती केली शेजारच्या मँचेस्टर सिटीने. त्याच 2019 च्या ऑगस्टमध्ये बेरीला फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आलं. संघ हरला म्हणून नव्हे, उलट त्याच वर्षी तो वरच्या गटात चढला होता. पण क्लब कर्जात बुडाला होता. त्याआधीच्या डिसेंबरमध्ये तो अवघ्या एका पौंडाला विकला गेला होता, आणि नव्या मालकालाही पैशांची सोय दाखवता आली नाही. सव्वाशे वर्षांचं सभासदत्व एका संध्याकाळी संपलं.

हे वाचताना मला बाबा आठवले. लहानपणी ते मला फोंड्याहून कदंबा बसने मडगावला फातोर्डा स्टेडियमवर न्यायचे. धेंपोचा सामना, कागदाच्या पुडीत खारे दाणे, आणि परत येताना बसमध्ये उभ्याने झोप. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्यातली निदान तीन तरी बाबांनी स्वतःची असल्यासारखी साजरी केली. मग 2016 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. क्लब गोव्यात खेळत राहिले, पण बाबा मात्र मैदानावर जायचे थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "क्लब त्यांचा, निर्णय त्यांचा. आपण कोण? टाळ्या वाजवणारे."

बेरीच्या टाळ्या वाजवणाऱ्यांनी काय केलं, ते पाहायला मी 2024-25 चा अख्खा हंगाम त्या ट्रामने जात राहिलो.

इंग्लंडमधली फुटबॉलची उतरंड आधी सांगायला हवी. सगळ्यात वर प्रीमियर लीग आणि तिच्याखाली आणखी तीन पायऱ्या, मिळून 92 क्लब. त्याखाली खेड्यापाड्यांपर्यंत पायऱ्याच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर चढ-उतार खुला. बेरीचा संघ आता नवव्या पायरीवर, नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगच्या प्रीमियर डिव्हिजनमध्ये होता. इथले खेळाडू दिवसभर नोकरी किंवा धंदा करतात, संध्याकाळी सराव करतात आणि शनिवारी खेळतात. मानधन मिळतं, पण घर चालतं ते दिवसाच्या कामावर.

माझा पहिला सामना गिग लेनवर झाला. बेरीचं हे घरचं मैदान क्लबइतकंच जुनं. त्याच्या एका बाजूला दफनभूमी आहे म्हणून त्या बाजूच्या स्टँडला सरळ 'सिमेटरी एंड' म्हणतात. बुडालेल्या क्लबला शोभेल असं नाव! पण आत गेलो तर जवळपास तीन हजार माणसं. नवव्या पायरीवर! आजोबा, नातू, निळे-पांढरे मफलर, हातात गरम पाय. हा पाय म्हणजे मांस भरलेली करंजीच समजा, फक्त वाटीएवढी गोल. माझ्यासाठी चीज-कांद्याचा होता. चहा देणाऱ्या बाईंनी मला "लव्ह" म्हटलं तेव्हा मी दचकलो. नंतर कळलं, त्या सगळ्यांनाच तसं म्हणतात.

शेजारच्या खुर्चीवर एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ बसायचे. आयुष्यभर कागद गिरणीत काम केलेले. ते म्हणाले, "2019 नंतर शनिवारी दुपारी तीन वाजता काय करायचं तेच कळेना. बायको म्हणाली, बागेत काम करा. मी बागेची पार वाट लावली."

पुढची कहाणी त्यांच्याकडूनच ऐकली. क्लब गेल्यावर चाहत्यांच्या एका गटाने नवा संघ काढला आणि तो शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर अगदी खालच्या पायरीपासून खेळवला. दुसरा गट गिग लेन वाचवण्याच्या मागे लागला. 2022 मध्ये वर्गणी, देणग्या आणि सरकारच्या सामुदायिक मालकी निधीतले दहा लाख पौंड मिळून मैदान हाती आलं. म्हणजे एकाकडे संघ, दुसऱ्याकडे मैदान, आणि दोघांचं एकमेकांशी पटेना! मी हसलो. एका गावात दोन मंडळं आणि दोन गणपती हे आपल्याला काय नवीन? विलीनीकरणासाठी मतदान झालं तेव्हा एका बाजूची मतं लागणाऱ्या दोन तृतीयांशाच्या जरा खाली राहिली आणि ठराव पडला. पुन्हा बैठका, पुन्हा रुसवेफुगवे. 2023 मध्ये दुसऱ्या मतदानात तो मंजूर झाला आणि संघ गिग लेनवर परतला. आता वर्गणी भरून कोणीही चाहत्यांच्या संस्थेचा सभासद होतो. पैसे कितीही दिले तरी मत एकच.

घरच्या सामन्यांपेक्षा मला बाहेरच्या सामन्यांत जास्त मजा आली. मैदानाभोवती फक्त लोखंडी कठडा, पलीकडे मेंढ्या. मध्यंतराला सगळे चाहते उठून दुसऱ्या गोलपोस्टमागे जातात, कारण आपला संघ आता तिकडे हल्ला करणार. गोलकीपरला आपलं बोलणं स्पष्ट ऐकू जातं आणि तो उत्तरही देतो. बेरीचे चाहते शेकड्यांनी यायचे. त्या दिवशी छोट्या यजमान क्लबच्या चहा-पायच्या खिडकीवर जत्रेसारखी रांग, आणि पाय मध्यंतरालाच संपलेले.

थंडीत मात्र हाल झाले. कधी मैदान गोठलेलं, कधी पाण्याखाली. एका शनिवारी मी तासभर आधी पोहोचलो तर सामना रद्द. काही माणसं काटे टोचून पाणी जिरवत होती. कोणी पगारी नव्हतं. मला विचारलं, "रिकामा आहेस का?" हातात काटा आला. त्या दिवशी फुटबॉल पाहिला नाही, पण क्लब पाहिला.

दर रविवारी फोनवर बाबांना हकिकत सांगायचो. आधी ते नुसतं हूं हूं करायचे. मग एकदा त्यांनीच विचारलं, "काय, बरी आहे का तुझी बेरी?" त्याच हंगामात धेंपो आय-लीगमध्ये परतला होता. आम्ही बोलायला लागलो ते थांबेनाच.

विजेतेपदाचा निकाल एप्रिलमध्ये शेवटच्या दिवसापर्यंत लांबला. गिग लेनवर आठ हजारांहून जास्त लोक आले. नवव्या पायरीवरच्या सामन्याला! बेरी जिंकली, गट जिंकला, आठव्या पायरीवर चढली. शेजारचे आजोबा काही बोलले नाहीत, फक्त माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फोंड्यात तेव्हा रात्र झाली होती. मैदानात उतरलेली गर्दी पाहत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही सगळी मालक मंडळी का रे?"

"हो बाबा. बरीचशी."

"मग आम्ही 2016 मध्ये घरी का बसलो?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गोव्यातल्या क्लबांचा कारभार वेगळा, पैसा वेगळा. चाहत्यांनी मनात आणलं असतं तरी काही घडलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण आम्ही विचारलंसुद्धा नाही, हे खरं. बेरीतही सगळं सुरळीत नाही. आठवी पायरी अवघड आहे, छपरं गळतात, सभेत भांडणं होतात. पण भांडायला माणसं येतात.

जूनमध्ये परत आलो. व्हॉट्सॲपवर आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेची सूचना पडली होती. तुम्हालाही येत असेल. खाली नेहमीची ओळ: 'गणपूर्ती न झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सभा घेण्यात येईल.' दरवर्षी मी ती न वाचता पुढे सरकायचो. दोन वर्षांची वर्गणीही राहिली होती.

या वेळी मी आणि बाबा वेळेवर गेलो. गणपूर्ती तरीही झाली नाही. अर्धा तास थांबलो, खुर्च्या मांडल्या, चहा घेतला. मग सभा सुरू झाली.