जें हातानें बसत नाहीं

यंत्र बिघडलें कीं पाना घेऊन तें नीट आवळावें, म्हणजे तें सुधारतें, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत किती महाग पडते, हें गेल्या हिंवाळ्यांत आम्हांस दिग्रस येथें पाहावयास मिळालें.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे. रात्रीं-अपरात्रीं कोणी आजारी पडलें, तर शेजारपाजारचे लोक रोग्यास तिच्यांतूनच यवतमाळच्या रुग्णालयांत नेतात. तिचा टॉर्क कन्व्हर्टर बदलण्यासाठीं ती परगांवीं पाठविली होती. परत आल्यावर चौथ्याच दिवशीं तिच्याखालीं तेलाचें थारोळें सांचलें व ती जागची हलेना. ऐन कापूस वेंचणीच्या दिवसांत दुसऱ्यांदा खर्च उभा राहिला. शेवटीं मालकांनीं ती गांवांतीलच एका वृद्ध मिस्त्रींच्या स्वाधीन केली. त्यांच्या परवानगीनें आम्हीं दोन दिवस तेथें बसून सर्व काम पाहिलें.

विद्यार्थीमित्रांनो, टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय, हें आधीं ध्यानीं घ्या. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. कन्व्हर्टरांत वाऱ्याच्या जागीं तेल असतें. एक चक्र इंजिनाबरोबर फिरून तेल फेंकतें. दुसरें त्या तेलानें फिरून गिअरबॉक्सास गति देतें. दोहोंमधील तिसरें चक्र परतणाऱ्या तेलास अनुकूल दिशेस वळवितें. त्यामुळें गाडी निघतांना फिरविण्याचा जोर सुमारें दुप्पट होतो, आणि चालकास क्लच दाबावा लागत नाहीं. ही युक्ति हरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं जहाजांसाठीं काढली. अमेरिकेंत ब्यूइक कंपनीनें १९४८ सालीं ती आपल्या मोटारींत आणली. आपल्या जिल्ह्यांतही ती पूर्वींच येऊन गेली आहे. दारव्ह्यावरून जाणाऱ्या ‘शकुंतला’ गाडीचें वाफेचें इंजिन १९९४ सालीं जाऊन डिझेलचें आलें. अरुंद रुळांवरील तशा डिझेल इंजिनांत जोर तेलाच्याच मार्गानें चाकांस पोंचत असे. पुढें ती गाडी बंद पडली.

आतां कामाकडे वळूं. मिस्त्रींनीं प्रथम बॅटरीची तार सोडविली, तेल काढून घेतलें आणि गाडी भक्कम टेकूंवर उभी केली. नुसत्या जॅकवरील गाडीखालीं ते कोणास जाऊं देत नाहींत. कन्व्हर्टर इंजिनाच्या पातळ चकतीस बोल्टांनीं जोडलेला असतो. ते बोल्ट एका लहान खिडकींतून एकेक करून दिसतात. म्हणून इंजिन पान्यानें हळूहळू फिरवून प्रत्येक बोल्ट खिडकीसमोर आणावा लागतो. नंतर गिअरबॉक्स जॅकवर तोलून मागें सरकविला. आंतील तेलामुळें कन्व्हर्टर जड असतो. तो घसरून पायावर पडूं नये म्हणून त्याच्या तोंडावर पट्टी बांधली होती.

उघडून पाहतां दोष दिसला. गिअरबॉक्सांतील तेलाच्या पंपाचे दांते तुटले होते. पूर्वींच्या कारागिरानें कन्व्हर्टर पुरता आंत न बसवितांच गिअरबॉक्स इंजिनास लावला, आणि राहिलेली फट बोल्ट आवळून मिटविली. बाहेरून सर्व ठीक दिसलें. आंत पंप चिरडला.

मिस्त्रींनीं पंप व सील नवीन घातलें. कन्व्हर्टरांत थोडें तेल ओतून तो दांड्यावर सरकविला आणि दोन्ही हातांनीं मागेंपुढें फिरवीत आंत रेटूं लागले. त्याचे दांते तीन ठिकाणीं जुळावे लागतात: गिअरबॉक्सांत जाणाऱ्या दांड्यावर, स्थिर नळीवर आणि पंपांत. एकदां ‘खट्’ झालें, पुन्हां ‘खट्’ झालें. हाताखालचा मुलगा आनंदानें म्हणाला, “बसला, मिस्त्री!” ते म्हणाले, “नाही बाप्पा, अजून एक टप्पा राह्यला हाये.” कांहीं वेळानें तिसरा आवाज आला. तरीही त्यांनीं कानांवर विसंबून चालविलें नाहीं. गिअरबॉक्साच्या तोंडावर सरळ पट्टी धरून कन्व्हर्टर किती आंत गेला तें मोजलें व गाडीच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ताडून पाहिलें. मग गिअरबॉक्स हातानेंच इंजिनास टेकला. कन्व्हर्टर मोकळा फिरत होता, आणि त्याच्या व चकतीच्या मध्यें सुमारें ३ मिलिमीटर जागा उरली होती. एवढें पाहून मगच त्यांनीं पाना उचलला.

जें हातानें बसत नाहीं, तें बोल्टानें बसवूं नये, हा त्या कारखान्याचा नियम होय. बोल्टाचें काम बसलेली वस्तु धरून ठेवणें हें आहे. न बसलेली बसविणें हें नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं न समजलेला सिद्धांत घोकणारा विद्यार्थी बोल्टच आवळीत असतो. बाहेरून वही भरलेली दिसते. आंत काय तुटलें तें पुढील इयत्तेंत कळतें. पालकांनींही मुलाचा अभ्यास कोणत्या टप्प्यावर अडला आहे तें शांतपणें पाहावें, आणि त्यास आणखी फिरवून पाहण्यास अवसर द्यावा. एखाद्या मुलाचा ओढा अशा कारागिरीकडे असेल, तर त्याच्या तेलकट हातांस हिणवूं नये. दुरुस्त झालेल्या त्या गाडींतून त्याच आठवड्यांत एका वृद्ध बाईंस यवतमाळास नेलें, आणि त्या वेळेवर पोंचल्या.