किल्लीचं घड्याळ

खिशात मोबाईल, समोर लॅपटॉप, तरी हा माणूस रोज सकाळी मनगटावरच्या घड्याळाला किल्ली का देत बसतो, हा प्रश्न ऑफिसात महिन्यातून एकदा तरी येतोच. म्हटलं, एकदाचं सविस्तर उत्तर देऊन टाकू.

आधी एक खुलासा. लाखांच्या स्विस घड्याळांशी आपलं देणंघेणं नाही. माझ्याकडे दोन जुन्या एचएमटी आहेत, एक 'जनता' आणि एक 'पायलट', आणि एक सीको ५. तिघांची मिळून किंमत एका बऱ्या फोनच्या निम्मीसुद्धा होणार नाही.

एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटीझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढे कितीतरी घरांत पहिला पगार, लग्न किंवा निवृत्ती यांपैकी एका निमित्ताने एचएमटी आलीच. मग टायटन क्वार्ट्झ घेऊन आली आणि किल्ली मागे पडली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

आता आपल्या आवडीचा भाग, आकडे! क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद. सुंदर डिझाईन, वादच नाही. 'जनता' मात्र सेकंदाला फक्त पाच ठोके देते. दिवसाचे ४,३२,०००. माझी 'जनता' दिवसाला साधारण वीस सेकंद पुढे जाते. ऐकायला वाईट वाटतं, पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात राव! म्हणजे अचूकता ९९.९७ टक्क्यांच्या वर. बॅटरी नाही, चिप नाही, नुसती एक गुंडाळलेली स्प्रिंग आणि काही दातेरी चाकं. आमचे काही सर्व्हर यापेक्षा जास्त वेळ झोपलेले असतात.

बरं, सांभाळायला काय लागतं? फार काही नाही.

रोज ठरावीक वेळी किल्ली द्यायची. बोटाला विरोध जाणवला की थांबायचं, जोर करायचा नाही. सीको ५ ऑटोमॅटिक आहे, हात हलला की आपोआप गुंडाळली जाते. पण तिच्यातल्या जुन्या ७एस२६ मशीनला हाताने किल्ली देता येत नाही. नव्या ४आर३६ ला येते. तारीख-वार असलेल्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख बदलू नये. तेव्हा आतली चाकं तारीख पुढे ढकलायच्या तयारीत असतात, दाते तुटू शकतात.

लोहचुंबकापासून लांब ठेवायचं. स्पीकर, टॅब्लेटचं चुंबकवालं कव्हर, हे नेहमीचे चोर. हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी मिनिटांनी पुढे पळायला लागतं. घाबरू नका, चुंबकत्व काढायचं काम काही सेकंदांचं आहे. जुनी एचएमटी पावसात घालूच नये. काचेखाली वाफ धरली तर त्याच दिवशी दुरुस्तीला न्यावी, गंज वाट बघत नाही.

आणि चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग. घड्याळ चालू आहे म्हणजे ठीक आहे, असं नसतं. तेल सुकलं तरी ते चालतच राहतं, फक्त आता धातूवर धातू घासत असतो.

विकत घेताना एक सावधगिरी: ऑनलाईन दिसणाऱ्या चकचकीत 'जुन्या' एचएमटींपैकी बऱ्याच पुन्हा रंगवलेल्या डायलच्या असतात. एचएमटीने कधी न काढलेले भडक रंग, वाकडी अक्षरं दिसली की पुढे चला.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरी अडचण वेगळीच. हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं तो घड्याळजी.

माझे घड्याळजी काका सत्तरीच्या पुढचे. जिन्याखाली चार फुटांची टपरी, डोळ्याला भिंग. गेल्या महिन्यात 'पायलट' परत देताना म्हणाले, "दिवाळीनंतर बंद करतोय हो. हात स्थिर राहत नाही. उरलेली दोन आधीच आणून द्या." मुलगा बँकेत आहे, त्याला यात रस नाही, आणि का असावा? दिवसभर मान मोडून मिळतात किती? सुटे भाग तर कधीच संपलेत, एक घड्याळ मोडून दुसरं जगवावं लागतं.

आमच्या धंद्यात अशी एखादी जुनी सिस्टीम असतेच, जी फक्त एकाच माणसाला कळते. तो रजेवर गेला की सगळ्यांचे चेहरे पडतात. इथे तर माणूस कायमचा निघालाय.

सध्या दर शनिवारी तासभर त्यांच्याकडे जाऊन बसतो. भंगारातली एक बंद 'जनता' त्यांनी मला दिलीय, खोलायला. चिमट्याने स्क्रू उचलायला अजून दहा प्रयत्न लागतात. मी काही घड्याळजी होणार नाही, पण तेल कुठे घालायचं एवढं तरी कुणाला माहीत असायला हवं ना?

तुमच्या घरी आजोबांच्या कपाटात एखादी एचएमटी पडलेली असेल, तर या रविवारी बाहेर काढा. आधी किल्ली देऊ नका, सुकलेल्या तेलावर चालवू नका. जवळचा घड्याळजी शोधा. घड्याळ अजून वीस वर्षं थांबेल. तो थांबेल याची खात्री नाही.