लिंबाच्या पानांवरचे खवले

झाडाला कीड लागली की आपल्या घरांत बहुधा दोनच उपाय होतात. एक तर बाजारातून जहाल औषध आणून फवारायचे, नाहीतर कुंडीसकट झाड फेकून द्यायचे. या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे, तो सब्राचा.

आमच्या बाल्कनीतले लिंबाचे झाड अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी लावलेले. त्या अल्लाहला प्याऱ्या झाल्या, झाड राहिले. रमजानमध्ये इफ्तारच्या सरबताला त्याचीच लिंबे असतात. यंदा पाने चिकट झाली, त्यांवर काजळी धरली, फांद्यांवर मुंग्यांची रांग लागली. जाऊबाई म्हणाल्या, “काढून टाक गं, बाकीच्या कुंड्याही जातील.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ही कीड पसरतेच. पण अम्मींच्या हातचे झाड इलाज न करता टाकणे मनाला पटेना.

पानामागे, शिरेलगत तपकिरी, चपटे ठिपके दिसले. नखाने खरवडले की सुटणारे. हीच खवले कीड. पिल्लू असताना ती रांगते. जागा सापडली की सोंड खुपसून बसते आणि पाठीवर कवच धरते. रस पिऊन उरलेला गोड चिकटा बाहेर टाकते. त्यावर काळी बुरशी वाढते. मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात आणि कीड खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून मुंग्या दिसल्या की पान उलटून पाहावे. गंमत अशी, की बांगड्यांची लाख देणारा किडाही याच कुळातला! अल्लाहच्या सृष्टीत निरुपयोगी काय म्हणावे?

आधी कुंडी बाकीच्या झाडांपासून दूर ठेवली. फार किडलेल्या डहाळ्या छाटून पिशवीत बांधून टाकल्या. जुन्या टूथब्रशने खवले घासून काढले. चिवट होते त्यांना स्पिरिटचा बोळा लावला. मग एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा पातळ साबण घालून, आधी एका पानावर लावून पाहिले. पान करपले नाही, तेव्हा ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारले. कवचाखाली औषध सहसा पोहोचत नाही, मरतात ती रांगणारी पिल्ले. मागाहून नवी निघतात, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी असे चारदा करावे लागले. एका फवारणीने काम झाले असे समजणारे इथेच हरतात.

अलहम्दुलिल्लाह, आता नवी पालवी स्वच्छ आहे. जाऊबाई स्वतः पाने उलटून पाहतात.

लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. अम्मींच्या वाट्याचा तो सवाब चालू राहावा, एवढ्यासाठी आठवड्यातून दहा मिनिटे पाने पुसणे जड नाही.