टोटल अनार्की!

‘‘तू बीडचा? बाप रे! तिकडे तर टोटल अनार्की आहे ना?’’

हिंजवडीतलं आमचं ऑफिस, कॅन्टीनचं टेबल, हातात चहा. जानेवारी २०२५. सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगू? त्या महिनाभरात कुणी गाव विचारलं की मी ‘नगरच्या पुढे’ असं मोघम सांगत होतो. एका घरमालकांनी बीड ऐकल्या ऐकल्या ‘फ्लॅट आत्ताच गेला’ म्हणत फोन ठेवला होता ना!

तसा आमच्या टीममध्ये ‘अनार्किस्ट’ हा लाडाचा शब्द. जो वेळेवर टाइमशीट भरत नाही, तो अनार्किस्ट! पण तोच शब्द माझ्या जिल्ह्याला चिकटला तेव्हा बोचला. त्या रात्री मी शब्दाच्या मागेच लागलो.

मूळ ग्रीक. अर्थ साधा, ज्याच्यावर कुणी शासक नाही तो. आपला ‘अराजक’ही तसाच, राजा नाही ते. १८४० मध्ये प्रूदाँ नावाच्या फ्रेंच विचारवंतानं स्वतःला अभिमानानं अनार्किस्ट म्हणवून घेतलं. त्याचं म्हणणं, डोक्यावर धनी नसला तरी माणसं आपसांत ठरवून, एकमेकांच्या साथीनं नीट राहू शकतात. मराठीत या विचाराला ‘अराज्यवाद’ असा वेगळा शब्द आहे. पण तो राहिला पुस्तकात. पेपरात येतं ते ‘अराजक’, म्हणजे जाळपोळ आणि गोंधळ.

ब्रिटिशांच्या लेखी बॉम्ब टाकणारे क्रांतिकारक म्हणजे अनार्किस्ट. फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारसला गांधीजी म्हणाले, मीही अनार्किस्टच, पण वेगळ्या प्रकारचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं, घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार म्हणजे अराजकाचं व्याकरण. आणि जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री केजरीवाल धरण्यावर बसून ‘हो, मी अनार्किस्ट’ म्हणाले. शब्द एकच, अर्थ ज्याचा त्याचा!

मग बीडचं काय? ३० ऑक्टोबर २०२३ ला आंदोलनाच्या वेळी बीड-माजलगावात आमदारांची घरं पेटली. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. मुळाशी पवनचक्की कंपनीकडे मागितलेली खंडणी होती, असं पुढे आरोपपत्रात आलं. हे नाकारून कसं चालेल?

रविवारी पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावी आबांना, म्हणजे आजोबांना, फोन लावला.

‘‘आबा, आपल्याकडं अराजक आहे म्हणतेत इथं.’’

‘‘म्हंजे राजा नाही, असंच ना?’’ आबा हसले. ‘‘मग चुकीचं म्हणतेत. इथं गल्लोगल्ली राजे झालेत बाबा. त्याचाच तर तरास हाय.’’

मी गप्पच झालो. खंडणी म्हणजे तरी काय? कुणीही न निवडलेल्या राजानं वसूल केलेला करच की!

मग आठवली इर्जिक. मी चौथीत असताना ऐन नांगरटीत आमचा एक बैल मेला. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत सात बैलजोड्या आमच्या रानात हजर. कुणाचा हुकूम नाही, कुणाला मजुरी नाही. दिवसभर नांगरट आणि रात्री रस्सा-भाकरी. पुढे त्यांच्या कामाला आबा गेले. सगळंच गोड नव्हतं म्हणा. चुलीपुढं आई आणि काकू राबल्या, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. तरी प्रूदाँला एकदा आमच्या रानात आणायला हवं होतं, असं वाटून गेलं!

पुढच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये एका नव्या जॉइनरनं विचारलं, ‘‘सर, गाव कुठलं?’’

‘‘बीड. पाटोद्याजवळ.’’

टेबलावर क्षणभर शांतता. कुणीतरी तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणालो, ‘‘आणि अनार्की नाही हं तिकडे. राजे जास्त झालेत. बस, सांगतो.’’

फ्लॅट मिळायला पुढे दोन महिने लागले. पण फोनवर गाव मात्र पहिल्याच वाक्यात सांगत होतो.