धक्का मारणारे मित्र

विरार, डिसेंबर

आज मित्रांसोबत ‘दे धक्का’ पुन्हा पाहिला. अतुल काळे आणि सुदेश मांजरेकर यांचा 2008चा सिनेमा, 2006च्या ‘लिटल मिस सनशाइन’वर बेतलेला. तिकडे छोट्या मुलीची सौंदर्यस्पर्धा, इकडे नृत्यस्पर्धा. कुटुंब मात्र दोन्हीकडे गाडी ढकलतच निघतं. अशा सिनेमांना परदेशातली लोकेशन्स लागत नाहीत. गाडी बंद पडली की तावातावाने भांडणारी माणसं मुकाट एका बाजूला येऊन खांदा लावतात. सगळा विनोद तिथेच पिकतो.

सिनेमा संपला आणि ‘सवाई’ला जायचा बेत शिजला. गुरूंच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी 1953 साली सुरू केलेला पुण्याचा संगीत महोत्सव. एकाची जुनी ओम्नी, पेट्रोलची वर्गणी, डब्यात घरचे पराठे. विरार फाट्यावरून निघायचं, घोडबंदरच्या कोंडीत अडकायचं आणि टोल कोण भरणार यावरून पुण्यापर्यंत वाद घालायचा! ख्याल आमच्यापैकी कुणालाच फारसा कळत नाही. पण त्या मांडवात जाणकारांइतकीच हौशी मंडळीही बसतात.

तुम्हीही निघाच. फक्त ज्याची गाडी, त्याच्याकडून पेट्रोलचे पैसे घेऊ नका.