राजाच्या पंक्तीस

रविवारी मुलांस शास्त्रातील गोष्टी सांगण्याचे काम आम्हांकडे असते. एकदा बेथेस्दा तळ्याकाठच्या, ३८ वर्षे दुखणाईत असलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. तो बाज उचलून चालू लागला, हे ऐकताच कुबड्या घेऊन येणारा एक मुलगा हळूच म्हणाला, “मग मी कधी?” आम्ही घाईने गीत सुरू केले, हे लाजेने कबूल करतो.

पुढील रविवारी मफीबोशेथाची गोष्ट काढली. पाच वर्षांचा असता दाईच्या हातून पडून तो दोन्ही पायांनी लंगडा झाला. दावीद राजाने त्यास आजोबांची जमीन परत दिली व नित्य आपल्या पंक्तीस, राजपुत्रांसारखे, बसविले. पाय मात्र तसेच राहिले. मुलाने क्षणभर विचार केला.

“त्याला पंक्तीपर्यंत आणी कोण?”

हा प्रश्न आम्हांस कधीच सुचला नव्हता.